राक्षसिणीच्या ओळीतली फुली

तक्ता मी एका रविवारी सकाळी केला, कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत. डावीकडे वरून खाली सहा वंश, वर आडवे सात पेशे, मधे बेचाळीस चौकटी. वंश आणि पेशा जुळतो तिथे बरोबरची खूण, जुळत नाही तिथे फुली. पट्टी घेऊन, पेनानं. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी चोवीस वर्षं काम करते आहे. कुठल्या यंत्राला कुठलं बेअरिंग चालतं याचा तक्ता भिंतीवर असला, की कोणी चुकीचं सामान नेत नाही. तोच न्याय मी खेळाला लावला.

खेळ आणला मुलीनं. तिची पुण्यातली नोकरी घरून सुरू झाली, ती लोणावळ्याला परत आली, आणि येताना कपड्यांच्या बॅगेबरोबर फाशांचा एक डबा आणि नियमांचं एक पुस्तक घेऊन आली. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, नाहीतर नाही. पात्र बनवताना आधी वंश निवडायचा: माणूस, टोकदार कानांचे एल्फ, जमिनीखाली राहणारे बुटके, राक्षस वगैरे. मग पेशा: योद्धा, धनुर्धर, वैद्य, चोर, जादूगार असे. वंशाप्रमाणे फाशाचा आकडा वाढतो किंवा घटतो. एल्फचा नेम चांगला, म्हणून नेमबाजीला अधिक दोन. राक्षसाला ताकदीला अधिक दोन, पण बुद्धीच्या कामाला उणे दोन. जादूगार व्हायला पोथ्या वाचाव्या लागतात, म्हणजे ते बुद्धीचं काम. आता राक्षस जादूगार करण्यात काय अर्थ आहे, हे मला कोणी सांगावं.

मुलीचं म्हणणं, "आई, कोणीही काहीही होऊ शकतं."

"मग वंश ठेवलेत कशाला? टोपी बदलायला?"

तसंही आमच्या पहिल्या दोन मोहिमांत आम्ही सगळे मेलो होतो. पहिल्या वेळी माझ्या मैत्रिणीनं बुटका घोडेस्वार घेतला होता. त्याचे पाय रिकिबीपर्यंत पोचेनात, आणि शत्रू आला तेव्हा तो घोड्याच्या पोटाखाली लोंबकळत होता. दुसऱ्या वेळी माझा नाजूक एल्फ पहिलवान पहिल्याच धक्क्यात कड्यावरून गेला. तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे पात्रांचे कागद मी सांभाळणार, आणि माझ्या सहीशिवाय कुठलंही पात्र खेळात येणार नाही. मुलीनं लगेच मान्य केलं. कागद सांभाळायचा तिला मनापासून कंटाळा आहे.

आम्ही खेळायचो मळवलीला, दिरांच्या बंगल्यात. ते परदेशी असतात. आम्ही मायलेकी लोणावळ्याहून एक स्टेशन पुढे जायचो, मैत्रीण कामशेतहून एक स्टेशन अलीकडे यायची. ती आमच्याच कारखान्यात क्वालिटीला आहे. आलेला माल ती तपासते, मी ठेवते, आणि आमची मैत्री तिनं नाकारलेल्या एका खोक्यावरून झालेल्या भांडणातून सुरू झाली. बंगला बघायला तिथल्याच एक मावशी आहेत. साठीच्या आतबाहेर असतील. भातशेती सांभाळून बंगल्याची झाडलोट, बाग, पंप, इन्व्हर्टर सगळं बघतात. पंप बिघडला की बंगल्यात उतरलेले पाहुणे त्यांना विचारतात, "घरात कोणी माणूस नाही का?" मावशी म्हणतात, "मी कोन हाय मंग?" आणि पाना घेऊन खाली उतरतात.

त्या रविवारी झोडणी आटपून मावशी व्हरांड्यात इंद्रायणी भात पाखडत बसल्या होत्या. दोन मोहिमा त्यांनी सुपाआडून ऐकल्या होत्या. मी तक्ता टेबलावर मांडला, तशा त्या हात झटकून आत आल्या.

"ताई, मला बी घ्या की खेळायला."

मला आनंद झाला. चौथा माणूस हवाच होता. मी कोरा कागद काढला. "कोण व्हायचंय?"

"राक्षसीण. लय मोठी. दारात मावनार न्हाई अशी."

"उत्तम. योद्धा लिहिते."

"न्हाई. पोथीवाली."

मी तक्त्यावर बोट फिरवलं. राक्षसाची ओळ, जादूगाराचा रकाना. फुली. मी त्यांना तक्ता दाखवला आणि उणे दोनचा हिशेब समजावला. "तोटा होईल तुमचा, मावशी."

"व्हऊ द्या की. माजा व्हईल."

"तुमचा एकटीचा नाही. आपण सगळे मरतो."

"मागच्या टायमाला मी नव्हते," मावशी म्हणाल्या. "तरी मेलात."

मुलगी छताकडे बघायला लागली. मैत्रिणीनं तक्ता स्वतःकडे ओढला आणि चष्मा वर करून, माल तपासतात तसा तपासला. "माणसाच्या ओळीत एकही फुली नाही."

"माणसाला काहीही जमतं. पुस्तकातच तसं आहे."

"तक्ता माणसानंच केलाय ना, म्हणून." मग तिनं तक्ता खाली ठेवला. "असला तक्ता माझ्या आजोबांनी पाहिला होता. गावात कोणी कुठलं काम करायचं, जन्माच्या आधीच ठरलेलं. लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी ते काम सोडलं आणि रेल्वेत लागले. त्यात एल्फ नव्हते, एवढंच."

ती हे अगदी सहज बोलली आणि वाटीतला एक शेंगदाणा तोंडात टाकला. मी म्हणाले, "अगं, हा खेळ आहे."

"म्हणून तर म्हणते. खेळात तरी कशाला?"

मावशी अजून उभ्याच होत्या, कोऱ्या कागदाकडे बघत. मी स्टोअर्समधला मार्ग काढला. नवीन सामानाची खात्री नसली की आम्ही तात्पुरती नोंद करतो: चाचणीसाठी घेतलं, चाललं तर कायम, नाहीतर परत. मावशींच्या कागदावर मी लिहिलं, राक्षसीण, जादूगार, तात्पुरती. आजच्या खेळात पोथीवालीनं पोथीवालीचं एक तरी काम करून दाखवायचं. नाही जमलं तर पुढच्या रविवारपासून योद्धा.

"एकच संधी?" मुलीनं विचारलं.

"एक बास," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

मुलीनं गोष्ट सुरू केली. आम्ही एका डोंगरी किल्ल्यावरच्या खोदीव टाक्यात उतरलो, आणि मागे दगड पडून वाट बंद झाली. समोर दार. दारावर जुन्या लिपीतली अक्षरं. पायाशी पाणी, आणि ते वाढतंय. माझा एल्फ धनुर्धर, ज्याच्या चौकटीत सगळ्यात ठळक बरोबरची खूण होती, तो धनुष्य डोक्यावर धरून उभा राहिला. पाण्यावर बाण मारता येत नाही. मैत्रिणीच्या योद्ध्यानं दाराला खांदा लावला, फासा टाकला, चार पडले.

"मावशी," मी म्हणाले, "तुमची राक्षसीण दार फोडू शकते. ताकदीला अधिक दोन आहेत. टाका फासा."

"ती न्हाई फोडायची."

"पाणी कमरेला आलंय."

"तुमच्या कमरंला. तिच्या गुडग्याला बी न्हाई." त्या मुलीकडे वळल्या. "पोरी, काय लिवलंय दारावर?"

"ते वाचायलाच फासा टाकायचा, मावशी. राक्षसिणीला सोळा लागतील."

मावशींनी फासा हातात घेतला, पण टाकला नाही. "थांब. अक्षरं सगळी सारकीच हायती का? कुटली झिजल्याली हायती?"

मुलीनं हे ठरवलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. ती म्हणाली, "काही... काही झिजलेली आहेत."

"मंग तीच खरी. हितं गेटाला बघ. कडी कुटं बी धर, पन रोज हात लागतो ती जागा गुळगुळीत असती. पाहुनं येत्यात, कुलूप कसं उगडायचं इचारत्यात. मी म्हनते, चकाकतंय तितं दाबा. ज्यानं हे दार रोज उगडलं, त्यानं रोज तीच अक्षरं म्हनली आसतील, बोट ठिवून. बाकीची नुसती शोभेला."

मुलगी पुस्तक चाळायला लागली. मला माहीत होतं की पुस्तकात याला उत्तर नसणार. शेवटी ती म्हणाली, "याचे मी अधिक दोन देते. म्हणजे उणे दोन फिटले. चौदा लागतील."

मावशींनी फासा दोन्ही तळव्यांत घोळवला आणि टाकला. तो वाटीला आपटून टेबलावरून खाली गेला. आम्ही तिघी खाली वाकलो. मावशी वाकल्या नाहीत. फासा सोफ्याच्या पायाशी थांबला होता. मुलीनं वाचला.

"चौदा."

मैत्रिणीनं शेंगदाण्याची वाटी मावशींपुढे सरकवली. मावशी एवढंच म्हणाल्या, "दार उगडलं ना? मंग आत काय हाय ते सांग."

आत बरंच काही होतं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच कोणी न मरता मोहीम पूर्ण केली. त्यात माझ्या धनुर्धरानं सगळा मिळून एकच बाण मारला, तोही मैत्रिणीच्या ढालीला.

एक गोष्ट मी अजून सोडलेली नाही. उणे दोन राहायला हवेत. अवघड असतं म्हणूनच तर मावशींना दाराकडे नीट बघावं लागलं, नाहीतर त्यांनी नुसता फासा टाकला असता. मैत्रीण म्हणते, अवघड असू दे, पण ते जन्मावरून का मोजायचं, आणि राक्षसांची बुद्धी मोजायला नक्की कोण गेलं होतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही. कँटीनमध्ये अजून वाद चालतो आणि आसपासचे लोक ताटं घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात. पण उणे दोन वेगळे आणि फुली वेगळी, एवढं मला त्या दिवशी पटलं. उणे दोन असले तरी फासा टाकता येतो. फुलीच्या चौकटीत तो हातातच देत नाहीत, आणि ती मी मारली होती, पुस्तकानं नाही.

खेळ संपल्यावर मी मावशींच्या कागदावरचं "तात्पुरती" काटून "कायम" लिहिलं, सही केली. मग तक्ता घेतला. स्टोअर्सच्या रजिस्टरला खोडरबर चालत नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकीची नोंद एका सरळ रेघेनं काटायची, शेजारी बरोबर नोंद करायची आणि सही. राक्षसिणीच्या ओळीतली ती फुली मी पट्टी लावून काटली.

मैत्रीण माझ्या खांद्यावरून बघत होती. "खाली दिसते आहे अजून."

"दिसायलाच पाहिजे. कोणी काय चूक केली होती ते मागाहून वाचता आलं पाहिजे. नियम आहे."

"हं." हा नियम तिला आवडलेला दिसला. "आणि बाकीच्या?"

"त्या ज्याची त्याची मागणी आली की."

"म्हणजे प्रत्येकानं आधी मावशींसारखं दारात उभं राहायचं."

मावशी कप गोळा करत होत्या. त्या कप वाजवायच्या थांबल्या. मी पुन्हा खाली बसले आणि फुल्या मोजल्या. आणखी अठरा होत्या. प्रत्येकीवर रेघ, शेजारी बरोबरची खूण, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकीपुढे सही. कुकरच्या तीन शिट्यांपेक्षा याला बराच जास्त वेळ लागला, आणि आमची लोकल गेली.