'आणि इतर'मधला वामन

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : शनिवारच्या प्रयोगात नोकर कोण करणार? नंतर वाईट वाटलं, रडूही आलं. पण पहिला विचार तोच होता, आणि महिना उलटला तरी तो माझी पाठ सोडत नाही.

दुबईत अल मनखूलमधल्या त्याच्या घरी आम्ही सुट्टीच्या सकाळी जुने अमेरिकन गुन्हेपट बघायचो. शैलावहिनींचे पोहे यायचे आणि वामन नेमका रंगात आलेला सिनेमा थांबवायचा. पडद्यावर एखादा काळा माणूस दार उघडत असायचा, नाहीतर कोणाची बॅग उचलत असायचा. "शेवटी नावं येतील ती बघ. ह्याचं नसणार." मी वैतागायचो, "वाम्या, खून कोणी केला ते बघू दे. यल्ला, चालू कर!" तो म्हणायचा, "ह्यानं सगळं पाहिलंय रे. ह्याला कोणी विचारतच नाही."

तसल्याच धाटणीचं एक नाटक मी इथल्या आमच्या मराठी मंडळासाठी लिहिलं. वामनचं ते वाक्य उचलून इन्स्पेक्टरच्या तोंडी घातलं, त्याला न सांगता. वामनला इन्स्पेक्टरच करायचा होता. जबल अली बंदरात तो मालाच्या नुकसानीची चौकशी करायचा, खोटं बोलणारा माणूस त्याला लगेच कळायचा. त्याने सरळ विचारलं, "मला देतोस?" मी म्हणालो, "अरे, तुझा रंग... लोकांना इन्स्पेक्टर पटायला हवा ना." तो हसला. मला ते सोयीचं पडलं. इन्स्पेक्टर झाला गोरापान श्रीरंग, ज्याला स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ नव्हता. वामन नोकर. सात वर्षं, प्रत्येक प्रयोगात. कार्यक्रमपत्रिकेत 'आणि इतर'.

श्रीरंग अडखळला की ट्रे घेऊन उभा असलेला वामन हळूच वाक्य पुरवायचा. टाळ्या श्रीरंगला. "आमचा नोकर इन्स्पेक्टरपेक्षा हुशार आहे," असं मी पार्ट्यांत सांगायचो, आणि सगळ्यांबरोबर वामनही हसायचा... काय माणूस होतो मी!

हॉल बुक होता. म्हणून प्रयोग रद्द न करता तो वामनला 'समर्पित' केला. त्या नको म्हणत असतानाही वहिनींना आग्रहाने आणून पहिल्या रांगेत बसवलं. वामनचा पांढरा कोट बाह्या दुमडून दुसऱ्याच्या अंगावर चढवला. शेवटच्या प्रवेशात श्रीरंग अडकला आणि सवयीने नोकराकडे वळला. नव्या नोकराला काहीच येत नव्हतं. विंगेत मी, लेखक-दिग्दर्शक, घाईघाईने पानं उलटत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शांत आवाज आला, "ह्या घरात मी सगळ्यांना विचारलं. नोकराला मात्र कोणी विचारलंच नाही."

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या.

"वहिनी, तुम्हाला कसं पाठ?" मी नंतर विचारलं.

"हे रोज आरशासमोर करायचे. अख्खा इन्स्पेक्टर. नोकराची प्रॅक्टिस लागत नाही म्हणायचे."

मी कोट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात लावला नाही. "तो तुमच्या नोकराचा. ठेवा तुम्ही."

आता तो माझ्या कपाटात आहे. कॉलरच्या आत काळ्या मार्करने लिहिलंय, 'वामन'. सात वर्षांत आमच्या नाटकात त्याचं नाव तेवढ्या एकाच जागी लिहिलं गेलं. लाँड्रीवाल्याने विचारलं होतं म्हणून.