दोनच्या खाली

आमच्या मुरलीपुऱ्याच्या दुकानात एकच नियम होता: आधी प्लग, मग पेचकस. वडील, म्हणजे आमचे तात्या, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि कराडला न परतता जयपूरलाच कारखान्यांचे मीटर दुरुस्त करू लागले. नियम त्यांच्याबरोबरच आला. मी डिप्लोमा करून हाताशी आले, त्या पहिल्याच आठवड्यात प्लग न काढता एक पेटी उघडली. त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर असं झापलं, की तेव्हापासून माझा हात आपोआप आधी भिंतीकडे जातो.

दुकानात टेबलावर ठेवायचा एक जुना व्होल्टमीटर होता. बाकी सगळे मीटर त्याच्याशी ताडून बघायचे. तात्या त्याला जावयासारखं जपत. खरा जावई मी अजून दिलेला नाही, म्हणून मीटरवर हौस भागवतात, असं मी चिडवायचे. त्याची अचूकता ठरवणारे आकडे आत एका छोट्या मेमरीत होते आणि मीटर बंद असताना ती मेमरी एका लिथियमच्या बॅटरीवर टिकून असायची. बॅटरी गेली की आकडे गेले. तात्यांनी ते आकडे कधी बदलले नाहीत. दर वर्षी मीटर दिल्लीला तपासून आणायचा आणि त्याचा आकडा केवढा सरकला ते वहीत लिहायचं. त्यामुळे त्याच्या साऱ्या खोडी त्यांना तोंडपाठ होत्या.

बॅटरीला दहा वर्षं होऊन गेली तशी मी मागे लागले, बदला म्हणून. तात्या पुतण्याच्या लग्नाला कराडला निघाले होते. "आल्यावर बगू," ते म्हणाले. "आन् ध्यानात ठेव, ह्याच्यात आपला नियम उलटा. मीटर चालू ठिवायचा आन् मगच बॅटरी काढायची." मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होते. हो हो म्हटलं.

ते गेले आणि मला खुमखुमी आली. आल्यावर काम तयार दाखवायचं, माझ्या हातांवर विश्वास टाकायला यांना काय होतं, एकदाचं कळू दे. स्टुलावर बसले, हात भिंतीकडे गेला, प्लग निघाला. झाकण उघडून बॅटरीचे सोल्डरचे टाके सोडवले. बॅटरी तळहातावर आली तेव्हा तो उलटा नियम आठवला. ती मोजली. तीन पॉइंट सहा व्होल्ट, नव्या बॅटरीइतकी ठणठणीत. नवी लावून मीटर चालू केला, तर पडद्यावर आकडे गेल्याची सूचना.

तात्या परतले तेव्हा मी म्हणाले, "सकाळी चालू केला तर असंच दिसलं. मग बॅटरी बदलली."

"काढलेली किती दावत होती?"

"दोनच्या खाली."

ते खुर्चीत बसले. "म्हंजे मीच उशीर केला." वही उघडून त्यांनी लिहिलं, बॅटरी वेळेवर बदलली नाही, चूक माझी, आणि खाली सही केली. मीटर पुन्हा जुळवता आला, पण जुन्या वहीशी त्याचा काही संबंध राहिला नाही. मी गप्प राहिले. ओरडा बसेल म्हणून, असं स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे माझा ताठा आडवा आला. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे तात्या बारीक काम माझ्याकडे सरकवू लागले. "माझा अंदाज चुकाय लागलाय," म्हणायचे. वर्षभरात त्यांनी कामाला बसणंच सोडलं. ज्यांच्या सहीवर फौजेतली यंत्रं पास व्हायची ते तात्या, गॅस बंद केलाय का, हेसुद्धा मला विचारू लागले. आणि मी 'केलाय' म्हणून सांगत राहिले.

ती बॅटरी मात्र माझ्याच्याने टाकवली नाही. माझ्या खणात मागे पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी हातात यायची, मी मोजायचे, परत ठेवायचे.

गेल्या महिन्यात चष्म्याचा स्क्रू शोधताना ती तात्यांना सापडली. जुन्या सवयीने त्यांनी छोटा मीटर लावला. "अगं, ही तर चांगली हाय. कशातली?"

"त्या मोठ्या मीटरमधली, तात्या."

त्यांनी पुन्हा मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. मग मीटर माझ्यापुढे धरला. "मला नीट दिसंना झालंय. तूच वाच."

आकडा ठळक होता. तरी ते माझ्यावर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होते. मला रडू आलं.

"तीन पॉइंट सहा. तेव्हाही एवढीच होती. मी प्लग काढला होता, तात्या."

त्यांनी बॅटरी उलटीपालटी करून टेबलावर ठेवली. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"प्लग काढाय मीच शिकवलं तुला," ते म्हणाले. "पर तवाच बोलली असतीस, तर मी काम सोडलं नसतं गं."