आईचा अंबाडा आणि हवेचा दाब

माझी आई आळशी नव्हती. हे सुरुवातीलाच सांगते, कारण धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेने ती आळशी आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आई त्या संस्थेच्या शाळेत गणित शिकवायची. मुख्याध्यापिका जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि सेवाज्येष्ठतेने खुर्ची आईची होती. पण जेवणाच्या सुटीनंतर आई वर्गात खुर्चीवर टेकली की तिचे डोळे मिटायचे. पोरं खोकायची, बाक वाजवायची, मग ती दचकून उठायची आणि फळ्यावरचं उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सोडवायची. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, तुम्हाला झेपायचं नाही. नकार लिहून द्या." म्हणजे ‘मला हे पद नको’ असं तिने आपल्या हाताने लिहायचं, की मागचा माणूस बिनबोभाट पुढे. आमच्याकडे बाईमाणसाचा हक्क असाच काढून घेतात. हिसकावत नाहीत, लिहून घेतात.

मी तेव्हा महिलांच्या एका संघटनेत पत्रकं लिहायचे. दारूच्या दुकानापासून रेशनच्या रॉकेलपर्यंत कशावरही एका बैठकीत पत्रक पाडायचे. घरी आल्याबरोबर मथळा सांगितला, "झोपेच्या नावाखाली ज्येष्ठतेवर दरोडा!"

आई म्हणाली, "माझी झोप पाचकंदिलाच्या चौकात वाटू नकोस."

तोवर आजाराचं निदान झालं होतं. जळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी तिचं घोरणं ऐकून घेतलं आणि एका रात्रीच्या तपासणीला मुंबईला धाडलं. झोपेत हिचा घसा मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबरून हिला जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. म्हणजे ती झोपलेली दिसायची, पण झोप तिला मिळतच नव्हती. आणि लोक म्हणत होते, बाई फार झोपते!

उपाय म्हणून मशीन आलं. शिवणयंत्राच्या झाकणाएवढा खोका, त्याला जाड नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. खोका हवा ढकलणार, हवा घसा उघडा ठेवणार. दाब मुंबईहूनच लावून आला होता, नऊ. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. म्हणजे पाणी नळीत नऊ सेंटिमीटर उचलून धरेल एवढा जोर.

माझे वडील मूळचे सोनगीरचे. घरात अहिराणीच बोलायचे. मशीन सुरू झालं तसे म्हणाले, "आते तुनी मायपेक्षा हाई खोकं बरं. एकाच सुरात तरी घोरस."

आई महिनाभर ते मशीन लावून झोपली आणि पूर्वीइतकीच पेंगत राहिली. वर सकाळी डोळे लाल. मास्कच्या कडेतून हवा सुटायची ती थेट डोळ्यांत. मशीन विकणाऱ्या एजन्सीचा माणूस जळगावला बसायचा. फोन केला की तो मोटारसायकलवर यायचा, खोक्याच्या मागचं रबरी बूच काढायचा, आमच्याकडे पाठ करून आतला स्क्रू फिरवायचा आणि बूच लावून टाकायचा. नऊचे अकरा झाले, अकराचे तेरा झाले. हवा आणखीच सुटायला लागली. मग त्याने पट्टे आवळले. आईच्या नाकावर वळ उठला. तोच वळ घेऊन ती वर्गात उभी राहायची.

मी विचारलं, "स्क्रू किती फिरवला?"

"ताई, ते टेक्निकल असतं."

"माझी आई गणित शिकवते."

"मशीन बरोबर आहे. मॅडम नीट लावत नाहीत."

ऐकलंत? शाळेत बाई दोषी, घरात बाई दोषी, आणि मशीन मात्र निर्दोष! मी चिडून मशीनबरोबर आलेली पुस्तिका घेऊन बसले. इंग्रजी होती. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. मजकुराआधी चित्रं डोळ्यांत भरली. मास्क कसा लावावा, पट्टा कसा ओढावा, कुशीवर कसं वळावं. प्रत्येक चित्रात पुरुष. प्रत्येकाचे केस बारीक कापलेले, मागचं डोकं गुळगुळीत. पट्टा कानावरून निघून डोक्यामागे सपाट बसलेला.

मी आईला तिथल्या तिथे मास्क लावून आडवं व्हायला सांगितलं. आई झोपतानाही अंबाडा घालायची, जाळीत घट्ट बांधलेला. केस मोकळे सोडून झोपू नये हे तिला माहेरी शिकवलेलं, आणि सकाळच्या घाईत ते तिच्या सोयीचंही होतं. ती उशीवर टेकली. उशीने अंबाडा वर लोटला, अंबाड्याने पट्टा वर लोटला, पट्ट्याने मास्क ओढला आणि नाकाच्या बाजूने फस्स करून हवा निघाली. दाब वाढवला की हवा जास्त जोरात निघायची, एवढंच. नऊचे तेरा करणाऱ्याने एकदाही डोक्यामागे पाहिलं नव्हतं.

"अंबाडा सोड," मी म्हटलं.

"आणि काय करू? कापून टाकू?"

"दोन वेण्या घाल. मधून पट्टा जाईल."

"दोन वेण्या? या वयात? वेड लागलंय का तुला?"

वडील दारात उभे राहून मजा पाहत होते. "काय व मास्तरीन, शाळामा नाव टाकनं शे का?"

"तुम्ही गप्प बसा. लग्नातसुद्धा माझ्या दोन वेण्या नव्हत्या."

"म्हनीसन तं आते घाल. मी बी दखसू."

आईला हसू फुटलं आणि मास्क पुन्हा निसटला. त्या रात्री तिने खोलीचं दार लावून दोन वेण्या घातल्या. पट्टा दोन्ही वेण्यांच्या मधून डोक्याला टेकून गेला. हवा सुटायची थांबली. मी विजयी मुद्रेने झोपायला गेले.

सकाळी आई पोट धरून बसली होती. पोट टम्म, ढेकरांवर ढेकर. आधी अर्धी हवा खोलीत जात होती, आता तेराच्या तेरा आत चालली होती, आणि जिरत नव्हती ती पोटात. हिशोब सरळ होता, दाब खाली आणायला हवा. एजन्सीच्या माणसाला फोन केला तर म्हणे, "वाढवलेला दाब कमी करायला मुंबईची परवानगी लागते." वाढवताना कुणाची घेतली होती? या प्रश्नावर त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आईला आणि खोक्याला घेऊन जळगावच्या एसटीत बसले. खोका मांडीवर, आई खिडकीशी. पारोळा यायच्या आत तिचा डोळा लागला. समोरचा एक म्हातारा मला म्हणाला, "तुनी माय दमेल दिखस, पोरी." संस्थेच्या अख्ख्या कार्यकारिणीला जे दिसलं नाही, ते त्याला एसटीत बसून दिसलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. वेण्यांचं ऐकून ते हसले नाहीत. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाले. आईला तपासणीच्या खाटेवर झोपवलं. जागा कुठलीही असो, तिला झोप लागायला वेळ लागत नसे. मग बूच काढून, मला शेजारी उभं करून, त्यांनी स्क्रू हळूहळू उलटा फिरवला. बारा. थांबले, छातीची हालचाल पाहिली. अकरा. दहा. नऊवरही श्वास मोकळा. आठला घरघर सुरू झाली, छाती ओढली जाऊन अडली. ते लगेच वर आले, नऊवर, आणि किंचित पुढे.

"मुंबईवाल्यांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तपासणीच्या वेळी केस कसे होते?"

आई उठून बसली होती. "डोक्याला तारा चिकटवायच्या म्हणून नर्सने सोडायला लावले होते."

डॉक्टरांनी एजन्सीच्या माणसाला तिथेच बोलावून घेतलं. मी म्हटलं, "आकडा कुठे वाचायचा ते आम्हाला शिकवा. फिरवणार नाही, पण पाहणार. आमच्या श्वासाचा आकडा आमच्यापासून लपवायचा नाही."

तो डॉक्टरांकडे पाहायला लागला. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे काय पाहता? दाखवा त्यांना."

त्याने दाखवलं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच?"

त्यानंतरचे आठवडे मी काही लढले नाही. लढायला काही उरलंच नाही. आई झोपायची आणि उठायची. दुपारच्या तासाला ती बसेनाशी झाली, बाकांमधून फिरायला लागली. पोरांची पंचाईत झाली.

मे महिन्यात अध्यक्षांनी पुन्हा बोलावलं. मी बरोबर गेले. बोलणार नाही या अटीवर. टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं.

"लिहिताय ना बाई?"

"नाही लिहीत," आई म्हणाली. "मला आजार होता. उपचार सुरू आहेत. दुपारचा कुठलाही तास येऊन बघा, न सांगता या."

"रात्री मशीन लावून झोपता म्हणे. ते बंद पडलं तर?"

"तर दुरुस्त करून घेईन. तुमचा चष्मा फुटला तर तुम्ही संस्था सोडता का?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद कोराच राहिला. नकार नाही म्हटल्यावर ज्येष्ठता डावलायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नाही, आणि जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर माझी आई बसली.

पण त्या मे महिन्यात अध्यक्षांकडून निघून जिना उतरताना मात्र ती अर्ध्यात थांबली होती. "फार जोरात बोलले का गं?"

"अजून थोडं चाललं असतं," मी म्हटलं.