हॉल्ट चालू ठेवण्यासाठी

सांगायची गोष्ट टाळत टाळत मी पन्नाशीला आलो. घरात मला घुम्या म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण माझ्या पोटात एक आख्खी रेल्वेगाडी आहे, वऱ्हाडासकट, आणि ती आता मावेनाशी झाली आहे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. दिवा-वसई लाइनवर, भिवंडी सोडून कामणकडे जाताना, आमच्या गावाला हॉल्ट होता. स्टेशन नव्हे, हॉल्ट. म्हणजे रेल्वेने फक्त गाडी थांबवायची, बाकी सगळं गावाने बघायचं. पगारी माणूस तिथे एकही नाही. तिकिटं विकायला गावातलाच एक एजंट, कमिशनवर, तो मी. भिवंडीच्या स्टेशनातून पुठ्ठ्याची तिकिटं आणायची आणि पत्र्याच्या खोपटात बसून विकायची. झाडलोट बायकांनी वाटून घेतलेली, चुना देवळाच्या कमिटीने मारलेला, बाकडं नारपोलीच्या एका कापडाच्या लूमवाल्या शेठने दिलेलं. फलाट म्हणजे खडीचा ओटा. म्हाताऱ्यांना गाडीत चढवायला मी एक खोकं उलटं ठेवायचो. शटलचा, म्हणजे आमच्या पॅसेंजर गाडीचा, गार्ड ओळखीचा. भाजीच्या पाट्या घेऊन बायका बांधावरून पळत येताना दिसल्या की तो हिरवा झेंडा बगलेत धरून उगाच आभाळाकडे बघत राहायचा.

त्यानेच एकदा वाकून सांगितलं, "एजंट, पुढच्या आठवड्यात साहेब येतायत बघायला. माणसं चढताना दिसली नाहीत तर इथला थांबा बंद."

माणसं कुठून दिसणार? जमिनी विकून गावात टेम्पो आले होते, मानकोलीच्या गोदामांना लागलेले ट्रक आले होते, आणि शटलने जायचं म्हणजे लोकांना कमीपणा वाटायला लागला होता. हॉल्ट बंद झाला असता तर भाजीवाल्या बायकांचा वसईचा बाजार बुडाला असता आणि त्यांच्याबरोबर मीही. लूमवर मी एक शिफ्ट धड केली नव्हती; मागावरचा धोटा पळायला लागला की मला चक्कर यायची. शटल आली की मात्र छाती फुगायची. एवढी मोठी गाडी माझ्यासाठी थांबते, असं मी मनातल्या मनात समजायचो.

साहेब येणार त्याच दिवशी भाच्याचं लग्न होतं. नवरीचं गाव लाइनवरच, कामणच्या बाजूला. मी थोरल्या बहिणीकडे गेलो. तिला मी बाय म्हणतो.

"अंजूर फाट्याचा रस्ता बंद हाय त्या दिवशी," मी म्हणालो. "मंत्री येतोय. बंदोबस्त."

"कोन मंत्री?"

"ते सांगत न्हाईत."

"आन वऱ्हाड?"

"शटल हाय ना."

भावोजी म्हणाले, "नवरा शटलनं? लोक हसतील."

"मुहूर्त टळला तर जास्त हसतील," बाय म्हणाली, आणि ठरलं. आदल्या रात्री, टेम्पो सजवून झाल्यावर, टेम्पोवाल्याला मीच जाऊन सांगितलं की तुझी गरज नाही, दुसरं भाडं बघ.

त्या सकाळी खोपटाच्या खिडकीत हातच हात. शटल आली. नवरा मुंडावळ्या धरून खोक्यावरून चढला, त्याच्या मागे बँड, बँडच्या मागे ढोल आणि ढोल दारात अडकला म्हणून मागे आख्खं गाव. गार्ड आभाळाकडे बघत राहिला. डब्याच्या खिडकीतून साहेब बघत होते, कपाळावर आठ्या, मांडीवर बॅग. मी खोपटाला कुलूप घातलं आणि चढलो.

गाडी सुटली तशी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण बाकावर मांडी घालून बसली. तिने नवऱ्याच्या घोड्याच्या जागी गाण्यात इंजिन घातलं, आणि बायकांनी ते असं उचलून धरलं की पलीकडच्या डब्यातले लोक दाराशी येऊन उभे राहिले. दूधवाले नाचले. मी आयुष्यात पहिल्यांदा नाचलो. कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून बघितलं तर तो कोण ते मला ठाऊक नव्हतं.

मग लाइन रस्त्याच्या शेजारी आली. रस्ता चालू होता. ट्रक, रिक्षा, एसटी, सगळं सुखाने चाललेलं. आणि आमच्या बरोबरीने आमचाच टेम्पो, झेंडूच्या माळा तशाच, मागे कापडाचे तागे. ड्रायव्हरने ओळखून हात केला. नवऱ्यानेही सवयीने हात केला.

गाणं थांबलं. एकेक मान माझ्याकडे वळली. बाय जागेवरून उठायला लागली. नेमके तेव्हाच साहेब उठून आले.

"तुमचा हॉल्ट ठेवायचा की नाही ते बघायला आलोय. लग्नाला गाडीने?" त्यांनी विचारलं. "आज रस्ता बंद आहे असं डब्यात कानावर आलं, म्हणून का?"

बायने पदर खोचला. "रस्ता? त्यो काय, चालू हाय. आमी जातंवच गाडीनं."

"नेहमी?"

"नेहमी. नवरा तं अडूनच बसला, दुसरं वाहन नको बोलला."

भाच्याने मुंडावळ्या हलेपर्यंत मान डोलावली. मग डब्याला चेव आला. भावोजींनी सांगितलं, शटलशिवाय त्यांना भूकच लागत नाही. बँडवाला म्हणाला, "साहब, मैं तो क्लॅरनेट इसी गाडी में सीखा." आमचा चुलता उठून उभा राहिला. "माजा बापूस याच गाडीत जल्मला."

साहेब म्हणाले, "बाबा, ही लाइन तुमच्याहून लहान आहे."

"मंग मी जल्मलो आसंन," चुलता म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांचे खांदे हलायला लागले. खिडकीकडे तोंड करून ते बराच वेळ हसत राहिले. बाय माझ्या कानाशी आली. "लगीन हुंदे. मंग बगते तुला."

नवरीच्या गावी वऱ्हाड उतरलं. साहेबांनी दारात उभं राहून मला बोलावलं आणि हळूच सांगितलं, "थांबा राहील. तसं कळवतो. आता कुणी बघायला येणार नाही, काळजी करू नका." गाडी गेली. मी मागे वळलो तर बाय.

"काय बोलला रं?"

आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, निघालं, "अचानक येईन बोलला. कंदी बी. तुमी नेहमी जाता ना, बगतो बोलला."

का म्हणालो? गाडी भरलेली मी नुकतीच बघितली होती. तेवढंच कारण.

लग्नानंतर देवळात बैठक बसली. खोटं पडायचं नाही, गावाच्या इज्जतीचा प्रश्न. प्रत्येक आळीने एकेक वार घेतला. ज्या आळीचा वार, तिने शटल भरायची. काम असो-नसो, माणसं वसईला जायची, केळी घेऊन यायची. डब्यात पत्ते रंगले, दोन सोयरिकी जुळल्या, टेम्पोवाला त्याच्या वाराला टेम्पो हॉल्टवर लावून गाडीत बसायला लागला. बॅगवाला कुणीही परका उतरला की तो साहेबच असणार म्हणून त्याची सरबराई व्हायची; एका विम्याच्या एजंटाला शहाळं, जेवण आणि निघताना वालाच्या शेंगा मिळाल्या. जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खोपटात बसून पोट धरून हसायचो, आणि रात्री कूस बदलत राहायचो.

हॉल्ट आजही आहे. वार बरेच मोडले, लोक कामाधंद्याला लागले. बायचा मंगळवार मोडला नाही. गुडघे गेले आहेत, तरी खोक्यावरून चढते. कुणी म्हटलं, बाय, आता कशाला, तर म्हणते, "त्यो आला आन कोनी न्हाय दिसला तर? माज्या भावाचं खोटं परंल."

तिला सांगायचं मी गेल्या मंगळवारी पक्कं ठरवलं होतं. शटल आली. वसईहून परतलेली ती दारात उभी राहून डब्यातल्या कुणाला तरी काहीतरी सांगत इतकी हसत होती की तिला उतरायचं सुचेना, आणि गार्ड, आताचा नवा पोरगा, आभाळाकडे बघत होता. मी तिची पिशवी घेतली, हात दिला. तिने विचारलं, "आला व्हता का रं कोनी?"

"न्हाय अजून," मी म्हणालो.