मागाच्या आवाजावर बोलणारी राजाबाई

वडगावात राजाबाई कुणाला माहीत नाही? घरातच यंत्रमाग, आणि त्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची बाईची सवय. तिनं नवऱ्याला, मष्णूला, जेवायला हाक मारली की शेजारीही हात धुवायला उठतात, अशी गल्लीत चेष्टा चालायची.

त्याच राजाबाईची जीभ अडखळायला लागली. तपासलं तर डोक्यात गाठ, तीही नेमकी बोलण्याच्या जागेजवळ. ठेवावी तर वाढणार, आणि काढताना बोलण्याचे तंतू तुटले तर वाचा जाणार. मष्णू बायकोच्या तोंडाला जन्मभर वैतागलेला गडी, पण त्या तोंडाशिवाय घर त्याला खायला उठलं असतं!

डॉक्टर सौम्यांनी समजावलं, "मेंदूतलं पाणी तंतूंच्या कडेनं सरकतं. एमआरआयमध्ये ते सरकणं टिपलं, की तंतू कुठून गेलेत त्याचा नकाशा मिळतो. फक्त हलायचं नाही."

मशीन सुरू झालं. खडखड, खडखड! आणि आतून आरोळी आली, "अवो, भिऊ नगासा! मी बरी हाय हितं!"

झालं! डोकं हललं, चित्र फिसकटलं. सौम्या रागावल्याच. "आक्का, आता मी ‘बोला’ म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही!"

दुसऱ्या खेपेला राजाबाई ओठ घट्ट मिटून पडली. पडद्यावर रंगीत तंतू उमटले. गाठीनं ते खाल्ले नव्हते, नुसते बाजूला ढकलले होते. म्हणजे त्यांना वळसा घालून गाठीपर्यंत जाता येत होतं. मष्णूनं सौम्यांना हात जोडले.

तिथूनच तिला तशीच ऑपरेशनला नेलं. ऑपरेशन झालं. राजाबाईनं डोळे उघडले, मष्णूला ओळखलं, हात दाबला. पण तोंडातून शब्द नाही.

"बोल की गं," तो म्हणाला. तिनं नुसती मान हलवली. पाणी हवं का विचारलं, तरी मानच. गेली वाचा! मष्णू लहान पोरासारखा रडायला लागला. ते ऐकून सौम्या धावत आल्या.

"काय झालं? आक्का, बोला बघू."

"आत्ता ‘बोला’ म्हणतासा व्हय?" राजाबाई अडखळत, पण चांगली मोठ्यांदा म्हणाली. "कवाधरनं तोंड मिटून पडलीया! अन् अवो, रडताय कशाला? माग बंद करून आलासा न्हवं?"

"बंद करून आलोय," मष्णू डोळे पुसत हसला. "तू बोल अजून."