हाताला अकरा बोटं

इंझोरीतल्या त्या घराच्या छपराचा उतार मी मोजलाच नव्हता. पन्नासेक वर्षांनी हे लिहून टाकतो आहे.

मी सुतार होतो, पण उंचीला भ्यायचो, आणि ते लपवायचो. त्या घराची टिनं काढून कवेलू, म्हणजे मातीची कौलं, टाकायचे होते. कवेलूला आडव्या दर हाताला, म्हणजे चोवीस बोटांना, अकरा बोटं उतार लागतो; कमी भरला तर आढं उचलावं लागतं. मोजायला मी आढ्यावर चढलो. ओळंबा सोडायला दोन्ही हात मोकळे हवेत. मी तर आढ्याला मिठी मारून बसलो होतो.

खालून कवेलूवाला हसला. "काहून बे, आढ्याले बायको समजून राह्यला काय? उतार सांग!"

"हाताले अकरा बोटं," मी डोळे मिटून म्हणालो.

त्यानं कवेलू चढवले.

श्रावणात पाणी कवेलूखाली मागे फिरलं. मातीच्या भिंतीवरची ओल रोज वीतभर खाली उतरताना मी रस्त्यावरून पाहायचो. पाहून तसाच कामावर निघून जायचो. एका दुपारी भिंत घरधनिणीच्या पायावर कोसळली. ती कायमची लंगडी झाली.

गावानं कवेलूवाल्याला धरलं. "मी याच्या मापावर टाकले, याले इचारा!"

सगळे माझ्याकडे वळले.

"मी बराबर मोजलं होतं," मी म्हणालो.

त्याला पुन्हा कोणी छपरावर चढू दिलं नाही.

नंतर मी उभ्या राहिलेल्या बाजूच्या वाशाचा उतार मोजला, वळचणीला शिडी लावून, तिसऱ्या पायरीवरून. हाताला आठच बोटं भरली. त्या दिवशीही तिथूनच मोजता आलं असतं.