मामेसासऱ्यांचा उजवा गाल

स्वतःच्या तोंडावर सर्वांत जास्त अत्याचार करून घेतलेला माणूस या भूतलावर कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. मामा दिवेआगरचे. उभी हयात त्यांनी एसटी चालवली. त्यामुळे खिडकीकडचा उजवा गाल उन्हाने करपून डागाळलेला आणि डावा अगदी लोण्यासारखा. दुसरा कुणी हळहळला असता. मामांना निवृत्तीनंतर त्या गालात प्रयोगशाळा दिसली! कारण मामींच्या तोंडावर वांग आलं होतं. गडगडाटी हसणारी ती बाई पदराने तोंड झाकून वावरू लागली. त्यातच लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा मामींनी सांगून टाकलं, "कन्यादानाला बसेन, पण फोटोबिटो न्हाय. पोरीच्या भिंतीवर जन्मभर हे तोंड नको."

त्याच संध्याकाळी मामांनी ओटीवर फर्मान काढलं, "तुझ्या गालाला जे लागेल ते आधी माझ्या गालावर पास झालं पाहिजे!" आणि सुरू झालं. कच्च्या दुधात वाटलेली मसुरडाळ थापून ते झोपाळ्यावर डोळे मिटून पडले, तर कोंबडीने येऊन निम्मा लेप टिपला. लिंबू चोळून भर उन्हात सुपारी वाळत घालायला गेले, तर गाल आणखीनच काळवंडला. "जावईबापू, लिंबू निर्दोष आहे," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, "सूर्य बदमाश!" कच्च्या पपईच्या चिकाने तर गाल असा सुजला की मामी कळवळून ओरडल्या, "बस करा आता! व्याही म्हणतील, मुलीचा बाप चुलीत पडला."

"पपई नापास," सुजल्या तोंडाने मामा म्हणाले. "तुला लावली न्हाय ना? मग झालं तर!"

शेवटी वाडीतलंच जायफळ दुधात उगाळून पास झालं. मामा ते रोज स्वतः सहाणेवर उगाळत, मामींच्या गालाला बोटाने हलकेच लावत, आणि त्या उन्हात निघाल्या की छत्री घेऊन मागे धावत. शेजारणी खिदळत. लग्नापर्यंत वांग गेलं नाही, पण चांगलं फिकट झालं. आरशासमोर मामी थोड्या जास्त वेळ रेंगाळू लागल्या.

लग्नात फोटोवाल्याने हाक मारली, "मुलीचे आई-वडील, या!" मांडवात आम्ही सगळ्यांनी मामींकडे पाहिलं. मामी उठल्या. लेकीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडावरचा पदर त्यांनी अलगद खांद्यावर घेतला.

"अहो, समोर बघा की," त्या पुटपुटल्या. "माझ्या थोबाडात काय बघताय!"

लेक आता सासरी असते. तिच्या भिंतीवर तो फोटो आहे. त्यात सगळे समोर बघतायत, मामी तर चक्क दात दाखवून हसतायत. मामांचं मात्र अजून समोर लक्ष नाही.